देवासच्या दोन पात्या आणि अमेरिकेच्या तीन सत्ता

अमेरिकेच्या अध्यक्षांनी एखादा हुकूम काढावा, तेथील न्यायालयाने तो अडवावा, काँग्रेसने पैशाची थैली आवळून धरावी आणि जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचा कारभार काही काळ खोळंबून राहावा, हे दृश्य आपल्याकडील वृत्तपत्रवाचकांना आता नवे राहिलेले नाही. २०२५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात खर्चाच्या मंजुरीवरून उद्भवलेल्या मतभेदांपायी तेथील केंद्र सरकारच्या कारभाराचा मोठा भाग ४३ दिवस ठप्प झाला होता. अशा बातम्या वाचल्या की सामान्य वाचक साहजिकच विचारतो, हा कसला कारभार? घराला एक कर्ता असावा, गलबताला एक तांडेल असावा, हे आपल्याकडे पोरालाही कळते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे आपण म्हणत आलो. आणि अमेरिकेने तर एका म्यानात तीन तलवारी कोंबल्या आहेत!

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे आम्हास मुळीच वाटत नाही. सत्तेची वाटणी करावी की करू नये, करावी तर कोणत्या रीतीने करावी आणि त्या वाटणीतून रयतेच्या पदरात नेमके काय पडते, हा राज्यशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी वॉशिंग्टनला जाण्यापूर्वी आम्ही वाचकांना माळव्यात नेऊ इच्छितो. कारण सत्तेच्या वाटणीचा एक विलक्षण प्रयोग मराठ्यांनी तेथे करून ठेवला आहे. तो समजला म्हणजे अमेरिकेच्या घटनाकारांनी काय केले आणि काय टाळले, ते अधिक स्पष्टपणे ध्यानी येते.

एका रस्त्याचे दोन राजे

इंदुरापासून अदमासे ३५ किलोमीटरवर देवास हे शहर आहे. संगीतप्रेमी गोमंतकीयांना ते कुमार गंधर्वांचे गाव म्हणून परिचित आहे. शहरालगतच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवींची स्थाने असून लोक त्यांना मोठी माता व छोटी माता म्हणून ओळखतात. जेथे टेकडीवर देवी दोन, तेथे टेकडीच्या पायथ्याशी राजेही दोन होते.

१७२८ साली पहिल्या बाजीरावाबरोबर माळव्यात उतरलेल्या मराठा सरदारांत तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू होते. त्यांचेच चुलत घराणे, उदाजी व आनंदराव पवारांचे, पुढे धारेस स्थिरावले. धारची गादी एकच राहिली. देवासची मात्र दोघा भावांत वाटली गेली. तुकोजींचा वंश तो थोरल्या पातीचा आणि जिवाजींचा वंश तो धाकट्या पातीचा. ‘पाती’ या शब्दाचा आपल्याकडील अर्थही ध्यानात घेण्याजोगा आहे. व्यापारातील हिस्सा ती पाती आणि हिस्सेदार तो पातीदार. देवासचे राज्य म्हणजे दोन भावांनी पातीने धरलेली मिळकत होती.

१८१८ साली इंग्रजांनी दोन्ही पात्यांशी मिळून एकच तह केला. परंतु आपल्या भाऊबंदकीला एका चुलीवर फार दिवस शिजवणे मानवत नाही. १८४१ पासून प्रत्येक पाती आपला हिस्सा स्वतंत्र राज्य म्हणून चालवू लागली. ही वाटणी नदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा अशी सुटसुटीत नव्हती. दोन्ही राज्यांची गावे एकमेकांत इतकी गुंतली होती की खुद्द देवास शहरातील मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीच्या अमलाखाली आणि समोरची बाजू दुसरीच्या अमलाखाली, अशी स्थिती झाली. दोन्ही बाजूंची पाणीपुरवठ्याची व्यवस्था वेगळी, दिवाबत्तीही वेगळी. या शतकापूर्वीच्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नोंदी पाहाव्यात तर थोरल्या पातीचे क्षेत्र ४४६ चौरस मैल आणि लोकसंख्या ६२,३१२. धाकटीचे क्षेत्र ४४० चौरस मैल आणि लोकसंख्या ५४,९०४. वाटणी किती काटेकोर होती हे या आकड्यांवरून दिसते. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने तेथे होते. १९५३ मध्ये त्यांनी या वास्तव्यावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि देवासचे हे अद्भुत साऱ्या इंग्रजी वाचकांच्या कुतूहलाचा विषय झाले.

कौतुक बाजूला ठेवून आम्ही विचारू इच्छितो की, या वाटणीने देवासच्या रयतेचे काय भले झाले? दोन राजे झाले म्हणून राजाची सत्ता निम्मी झाली काय? मुळीच नाही. रस्त्याच्या या बाजूस जो राजा होता तोच कायदा करणारा, तोच कायदा अमलात आणणारा आणि तंटा उपस्थित झाला तर तोच न्याय देणारा होता. रस्त्याच्या त्या बाजूसही तोच प्रकार. मुलूख विभागला गेला होता. सत्ता मात्र प्रत्येक बाजूस अखंडच होती. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा राजा बदलत असे, पण राजाला जाब विचारणारा कोणी दोन्ही बाजूंस नव्हता. पातीदारांत तंटा झाला किंवा एखाद्या राजाचा कारभार बिघडला तर त्यावर दाद मागण्याचे ठिकाण देवासात नव्हते. ते इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटाच्या कचेरीत होते. म्हणजे समतोल राखणारा काटा तराजूच्या बाहेर, परक्याच्या हातात होता.

तिसरे तुकोजीराव हे सुशिक्षित, भाविक आणि मनाने उदार असे राजे होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे ते जावई. पण खर्चाला आवर घालणारे आणि हिशेब मागणारे कोणी अधिकाराने जवळ नसेल तर राजाचा चांगुलपणा राज्याला तारत नाही. खजिन्याची अवस्था बिकट होत गेली आणि १९३३ साली हे महाराज आपले राज्य सोडून फ्रेंचांच्या ताब्यातील पाँडिचेरीस निघून गेले. १९३७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. वाईट राजापायी राज्य बुडते हे सर्वांना ठाऊक असते. चांगल्या राजाचेही राज्य का बुडते, हे देवासच्या थोरल्या पातीकडे पाहून कळते.

रामशास्त्र्यांचा न्याय आणि धारचा किल्ला

देवासहून धारेकडे वळले तर याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. धारच्या किल्ल्यात १७७५ साली आनंदीबाईंच्या पोटी दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. पेशव्यांच्या घरातील स्त्रीवर परमुलखातील किल्ल्याचा आश्रय घेण्याची वेळ का आली, हे मराठी वाचकांना सांगावयास नको. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला, संशय रघुनाथरावावर आला आणि राज्याचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुद्द पेशवेपदावर बसलेल्या रघुनाथरावास या पातकाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे सुनावले, अशी आपली परंपरा सांगते. त्या न्यायनिष्ठेपुढे आजही मस्तक नमते.

परंतु त्यापुढे काय घडले, याचाही विचार करावयास हवा. न्याय सांगून रामशास्त्री पुणे सोडून गेले. गादीवरचा माणूस गादीवरच राहिला आणि न्यायाधीशाला नगर सोडावे लागले! रघुनाथरावाला खाली खेचण्याचे काम पुढे बारभाईंनी केले. आणि ते कायद्याच्या वाटेने नव्हे, तर कारस्थानाच्या आणि फौजेच्या वाटेने करावे लागले, कारण दुसरी वाट राज्यात नव्हतीच. त्यातून जे युद्ध उद्भवले त्यात इंग्रजांचा हात मराठी राज्यात शिरला तो शिरलाच. रामशास्त्र्यांच्या ठायी धैर्य होते, विद्या होती, निःस्पृहता होती. त्यांच्या पाठीशी नव्हती ती एकच गोष्ट: न्यायासनाला राजासनाच्या मर्जीपासून अलग आणि अढळ करणारी व्यवस्था. थोर पुरुष आपल्याकडे झाले. त्यांचे थोरपण ज्यात टिकून राहील असे भांडे आपण घडविले नाही.

फिलाडेल्फियाची तोड

नारायणरावाच्या खुनानंतर चौदा वर्षांनी, १७८७ च्या मे ते सप्टेंबर या महिन्यांत, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी काही गृहस्थ एकत्र बसले होते. एकूण ५५ प्रतिनिधींनी त्या परिषदेत भाग घेतला आणि अखेरच्या मसुद्यावर ३९ जणांनी सह्या केल्या. इंग्लंडच्या राजाचे जोखड झुगारून त्यांना फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे एकहाती सत्तेचा धसका मनात ताजा होता. उलट १७८१ पासून चालू असलेल्या पहिल्या राज्यसंघात ना कार्यकारी प्रमुख, ना राष्ट्रीय न्यायालय, ना कर बसविण्याचा अधिकार; त्यामुळे दुबळ्या सत्तेचाही त्यांना वीट आला होता. राज्य बळकट हवे, पण ते कोणा एकाच्या मुठीत नको, असा हा पेच होता.

फ्रेंच विचारवंत माँतेस्क्य याने १७४८ साली कायदा करणे, तो अमलात आणणे आणि न्याय देणे ही तीन कामे एका हाती असू नयेत असे प्रतिपादन केले होते. अमेरिकेच्या घटनाकारांनी हे तत्त्व स्वीकारले. तथापि तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी तीन खोल्या बांधून मधली दारे बंद करून टाकली असती तर देवासच्याच रस्त्याची तिसरी बाजू निर्माण झाली असती. त्यांनी निराळे केले. काम वाटून दिले, पण कोणतेही मोठे काम एकाला एकट्याने तडीस नेता येऊ नये अशी तजवीज केली. आपल्याकडे या पद्धतीला ‘सत्ताविभाजन’ म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक ती सत्तेची सामायिकी आहे.

उदाहरणेच घेऊ. कायदा काँग्रेसने करावयाचा, आणि तिथेही प्रतिनिधिगृह व सिनेट या दोहोंची संमती लागते. पण अध्यक्षाची सही झाल्यावाचून तो सहसा कायदा होत नाही. अध्यक्षाने नकाराधिकार वापरला तर काँग्रेस दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी त्यावर मात करू शकते. सैन्याचा सरसेनापती अध्यक्ष, पण युद्ध पुकारण्याचा आणि सैन्याला पैसा पुरविण्याचा अधिकार काँग्रेसचा. परराष्ट्रांशी तह अध्यक्षाने करावयाचा, पण सिनेटच्या दोन तृतीयांश मतांखेरीज त्याला मान्यता नाही. मंत्री, राजदूत आणि न्यायाधीश अध्यक्षाने नेमावयाचे, पण सिनेटच्या संमतीने. न्यायाधीश एकदा नेमला की सद्वर्तन असेतो तो पदावर राहतो आणि त्याचा पगार कोणी कमी करू शकत नाही. रामशास्त्र्यांना जे भांडे मिळाले नाही ते हेच. अध्यक्षाने गंभीर अपराध केला तर त्याच्यावर दोषारोप ठेवावयाचे प्रतिनिधिगृहाने आणि खटला चालवावयाचा सिनेटने.

यांची मुदतही मुद्दाम भिन्न ठेवली आहे. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ सभासदांची दर दोन वर्षांनी निवडणूक, अध्यक्षाची चार वर्षांनी, सिनेटच्या १०० सभासदांची मुदत सहा वर्षांची, आणि त्यातील सुमारे एक तृतीयांश दर दोन वर्षांनी बदलावयाचे. एखाद्या लाटेवर स्वार होऊन कोणी एका निवडणुकीत सारी सत्तास्थाने काबीज करू नयेत, हा त्यामागील हेतू.

घटनाकारांपैकी जेम्स मॅडिसन यांनी १७८८ साली या रचनेमागील विचार स्पष्ट केला आहे. माणसे देवदूत नाहीत हे त्यांनी गृहीत धरले. सत्ताधाऱ्याची महत्त्वाकांक्षा नाहीशी करता येत नाही, तर एकाच्या महत्त्वाकांक्षेने दुसऱ्याची महत्त्वाकांक्षा थोपवावी, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. आमच्या खाजन शेतीतील मानस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या रेट्यानेच मानसीचे दार मिटते आणि खारे पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने तेच दार उघडते. तेथे राखणदाराला रात्रभर जागावे लागत नाही. पाण्याचा जोर पाण्यालाच अडवितो. मात्र दार शाबूत हवे आणि बांधाची डागडुजी वेळच्या वेळी व्हावयास हवी.

दाराची परीक्षा

ही रचना कागदावर शोभून दिसते. प्रत्यक्षात ती टिकली काय? दोनशे वर्षांहून अधिक काळाचा अनुभव पाहता तिचे यश आणि अपयश दोन्ही सांगावे लागते.

१८०३ साली मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी घटनेशी विसंगत असलेला कायदा न्यायालय रद्दबातल मानील असा निर्णय दिला. घटनेत हा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहिलेला नव्हता, पण तो रूढ झाला. १८६८ मध्ये अँड्रू जॉन्सन या अध्यक्षांवर महाभियोग चालला आणि दोषी ठरविण्यास एक मत कमी पडले. पहिल्या महायुद्धानंतर अध्यक्ष विल्सन यांनी स्वतः खपून घडविलेला व्हर्सायचा तह त्यांच्याच देशाच्या सिनेटने नामंजूर केला.

१९३७ सालची गोष्ट तर आम्हास सर्वांत बोधप्रद वाटते. आदल्याच वर्षी फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून पुन्हा अध्यक्ष झाले होते. आपले कायदे रद्द करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयावर ते रुष्ट होते. न्यायाधीशांची संख्या वाढवून आपल्या विचाराचे लोक तेथे बसवावेत अशी योजना त्यांनी मांडली. सिनेटमध्ये त्यांच्या पक्षाचे प्रचंड बहुमत होते. तरीही ती योजना बारगळली, आणि ती बारगळविण्यात त्यांच्या स्वतःच्या पक्षातील सिनेटर आघाडीवर होते. अध्यक्ष आमचा, पण सिनेट ही सिनेट आहे, ही जाणीव त्या दिवशी पक्षनिष्ठेहून मोठी ठरली.

१९५२ मध्ये कोरियातील युद्ध चालू असता संपामुळे पोलाद कमी पडेल या भीतीने अध्यक्ष ट्रूमन यांनी पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. काँग्रेसने असा अधिकार दिलेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितले आणि कारखाने परत करण्यात आले. १९७४ च्या २४ जुलै रोजी त्याच न्यायालयाने वॉटरगेट प्रकरणातील ध्वनिफिती हवाली करण्याचा आदेश निक्सन यांना एकमताने दिला. त्या न्यायाधीशांत निक्सन यांनीच नेमलेलेही होते. ९ ऑगस्ट रोजी निक्सन पदावरून पायउतार झाले. ना कारस्थान, ना फौज, ना परागंदा होणे. बारभाईंना जे तलवारीने साधावे लागले ते तेथे कागदाने साधले.

पण याच इतिहासाची काळी पानेही उलटली पाहिजेत. न्यायालयाला स्वतंत्र केले म्हणून ते नेहमी न्याय्यच वागते असे नाही. १८५७ साली याच सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय माणसास अमेरिकेचे नागरिकत्व नाकारले. युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा खरा, परंतु तिने रीतसर युद्ध पुकारल्याचे शेवटचे उदाहरण १९४२ चे आहे. कोरिया आणि व्हिएतनाम येथे लाखो सैनिक गेले ते युद्धाची घोषणा झाल्याविनाच. १९७३ साली निक्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने या बाबतीत निर्बंध घालणारा ठराव केला, पण नंतरच्या अध्यक्षांना त्याने फारसे बांधून ठेवले असे म्हणता येत नाही. आजवर तीन अध्यक्षांवर महाभियोगाचा खटला चालला, त्यातील ट्रम्प यांच्यावर २०२० व २०२१ असा दोनदा. एकदाही दोषी ठरविण्याइतकी मते पडली नाहीत. अलीकडच्या काळात ही मते बहुतांशी पक्षाच्या रेषेवर विभागली जातात. सिनेटर हा आधी सिनेटर आणि मग पक्षाचा माणूस, हे १९३७ चे नाते उलटे होऊ लागले आहे. दोन सत्ता एका पक्षाच्या हाती आल्या की देखरेख ढिली पडते आणि वेगवेगळ्या पक्षांच्या हाती गेल्या की कारभार अडतो. मॅडिसन यांनी माणसाचा लोभ जमेस धरला होता. पक्षाची वेसण एवढी घट्ट होईल हे मात्र त्यांच्या हिशेबात धरलेले नव्हते.

आपल्या अंगणात

आपल्या घटनाकारांनी अमेरिकेची पद्धत जशीच्या तशी घेतली नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी याचे कारण विशद केले. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक आणि जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत कार्यकारी मंडळाला रोजच्या रोज जाब द्यावा लागतो, म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक महत्त्व दिले, असा त्यांचा युक्तिवाद होता. मंत्रिमंडळ विधिमंडळातून निघेल, विधिमंडळात बसेल आणि विधिमंडळाचा विश्वास गमावताच जाईल, ही ती योजना. न्यायमंडळाला मात्र आपण अमेरिकेप्रमाणेच अलग ठेवले. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठाने ७ विरुद्ध ६ मतांनी संसदेलाही घटनेचा मूळ गाभा बदलता येणार नाही असा निर्णय दिला. तीनच वर्षांनी, आणीबाणीत, त्याच न्यायालयाने नागरिकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आला तेव्हा मान खाली घातली; एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना निराळे मत देऊन उभे राहिले आणि पुढे त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश नेमण्यात आले. रामशास्त्र्यांची कुळी संपलेली नाही. तिच्या वाट्याला येणारे फळही बदललेले नाही.

आमच्या गोव्यापुरता विचार केला तर संसदीय पद्धतीची एक अडचण येथे आकड्यांनीच दाखविता येते. विधानसभेचे सभासद ४०. बहुमतास २१ हवेत. २००३ सालच्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येला मर्यादा घातली, तरी लहान राज्यांत १२ मंत्री असण्यास मुभा आहे. ज्या २१ जणांनी सरकारला जाब विचारावयाचा त्यातले १२ जण स्वतःच सरकार! उरलेल्यांपैकी एक सभापती, काही महामंडळांवर. मग प्रश्न विचारणारे उरले कोण? अमेरिकेच्या घटनेने सरकारी पद धारण करणाऱ्यास काँग्रेसचा सभासद राहण्यास मनाई केली आहे, ती याच कारणासाठी. आपण विश्वास टाकला होता तो विरोधी बाकांवर. त्या बाकांची गत काय झाली ते आपण पाहिले आहे. २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० आणि २०२२ च्या सप्टेंबरात ११ पैकी ८ आमदार सत्ताधारी पक्षात गेले. खारे पाणी अडविणारे दारच काढून खाडीला अर्पण करण्याचा हा प्रकार आहे.

पक्षांतराचा निवाडा आपण सभापतींच्या हाती सोपविला आहे आणि सभापती हे सत्ताधारी पक्षातून येतात. १९९१ साली गोव्याच्या सभापतींनी तत्कालीन मुख्यमंत्र्यांना अपात्र ठरविले आणि पुढच्याच महिन्यात हंगामी सभापतींनी तो निर्णय फिरविला. डॉ. काशिनाथ जल्मी यांनी याविरुद्ध दाद मागितली तेव्हा १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, दहाव्या परिशिष्टाने सभापतींना आपल्या निर्णयाचा असा फेरविचार करण्याचा अधिकार दिलेला नाही. आमच्या चिमुकल्या राज्यातून उपस्थित झालेला हा प्रश्न साऱ्या देशासाठी दंडक ठरला. पण दर वेळी दिल्लीच्या न्यायालयाकडे धाव घ्यावी लागणे म्हणजे देवासने पोलिटिकल एजंटाच्या कचेरीकडे पाहण्यासारखेच नव्हे काय? न्यायालय हे आपलेच आहे, परके नाही, हा फरक मोठा आहे. तरीही घरातील समतोल घरात सांभाळला जात नाही, ही उणीव उरतेच.

आमचे म्हणणे अमेरिकेची पद्धत उचलून येथे आणावी असे नाही. परक्या मुलखातले कलम आपल्या मातीत लागेलच असा भरवसा नसतो. आम्ही सुचवितो ते आपल्या पद्धतीच्या चौकटीतच बसणारे आहे. विधानसभेच्या बैठकींचे दिवस वाढवावेत, सरकारी हिशेब तपासणाऱ्या समित्यांना खरोखरीचा वेळ आणि मान मिळावा, पक्षांतराचा निवाडा सभापतींऐवजी निःपक्ष मंडळाकडे सोपवावा आणि मंत्र्यांची संख्या लहान सभागृहाच्या आकाराशी जुळेल एवढीच ठेवावी. यातले काहीही घटनेच्या मूळ आशयाविरुद्ध नाही. त्याहून महत्त्वाचे हे की, आमदाराने आपण प्रथम सभागृहाचे सभासद आहोत याचे भान ठेवावे आणि मतदारानेही त्याला निवडताना तो मंत्री होईल काय, यापेक्षा तो मंत्र्याला प्रश्न विचारील काय, हे पाहावे.

१९४८ साली देवासच्या दोन्ही पात्या आणि धारचे राज्य मध्यभारत संघात विलीन झाली. १९५६ पासून तो प्रदेश मध्य प्रदेशात आहे. देवास आज एका जिल्ह्याचे ठाणे आहे. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंस आता एकच कायदा चालतो आणि ज्या गावात एकेकाळी दोन खजिने होते तेथील छापखान्यात सबंध राष्ट्राच्या नोटा छापल्या जातात. दोन पात्यांची ती वाटणी राजांनी राजांसाठी केली होती, म्हणून राजे गेले तशी ती गेली आणि रयतेने तिच्यासाठी अश्रू ढाळले नाहीत. विधिमंडळ, मंत्रिमंडळ आणि न्यायालय यांच्यातील वाटणी मात्र प्रजेसाठी केलेली आहे. ती बुजली तर तोटा होईल तो प्रजेचा, आणि ती शाबूत आहे की नाही हे पाहण्याचे कामही अखेर प्रजेलाच करावे लागेल.